हनीफभाई, गाडी घसरतच होती

हनीफभाई, तुमच्याशी भांडण अर्धं टाकून मी त्या दिवशी तुमच्या गॅरेजातून निघाले, आणि ते पुरं करायला परत येण्याच्या आत तुम्हीच निघून गेलात. गेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात. म्हणू देत. आपल्या दोघांत कोणाचं खरं हे ठरायचं राहिलं होतं, ते आता ठरलं आहे, आणि तुम्हाला सांगितल्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरत नाही. एरवी माझं वाक्य पुरं होऊ न देता तुम्ही बोलायचात. आज ती सोय नाही, तेव्हा ऐका.

मी म्हणत होते की माझी पिकअप घसरते आहे. चाकं नव्हेत, आतून घसरते. पाय दाबला की इंजिनाचा आवाज चढतो, रेस वाढते, पण ओढ मिळत नाही. गाडी नुसतीच ओरडत राहते आणि मग अचानक हिसका देऊन पुढे जाते. मुकुटबनहून तूरडाळीची पोती घेऊन वणीला येताना नाल्याच्या चढावर तसं व्हायचं. सपाट रस्त्यावर काही नाही. ऑटोमॅटिक गाडी, तिला क्लच नाही, गिअर ती आपले आपण बदलते, त्यामुळे बोट कुठे ठेवायचं हे मला कळत नव्हतं. पण काहीतरी बिघडलं होतं, एवढं मी शपथेवर सांगितलं असतं.

तुम्ही बॉनेटवर कोपर टेकवून सगळं ऐकलंत. मग हात पुसत म्हणालात, "ताई, गाडीले काही झालं नाही. तुमचा पाय भारी पडून राह्यला."

"माह्या पायाचं मले सांगता?"

"उजव्याचं सांगून राह्यलो ना. एकदम दाबता. हळू दाबा, ओढते ते बरोबर."

"इतकी वर्षं चालवून राह्यली मी, आन् आज मले दाबणं शिकवता?"

"वहम हाय तुमचा," तुम्ही म्हणालात, आणि माझ्याकडे न पाहता म्हणालात. "चला, चहा घ्या. भाभी वाट पाहून राह्यली. चाबी इथंच राहू द्या."

"नाही घेत मी चहा."

मी गाडीत चढले, गिअरचा दांडा 'डी'वर ओढला आणि निघाले. तुम्ही मागून चालत आलात, मग जरा धावलातही. "ताई! ओ ताई! चहा तं घ्या, पाच मिनटं!" असं ओरडत होतात. आरशात तुमचे दोन्ही हात वर केलेले दिसत होते. मला वाटलं, चहावरून एवढं काय मनाला लावून घ्यायचं.

त्यानंतर तुम्ही पहाटे नमाजाआधी वजू करायला, हातपाय धुवायला नळापाशी बसलात ते उठलाच नाहीत. दिलीप, माझा धाकटा भाऊ, तुमच्या जनाज्याबरोबर कब्रस्तानापर्यंत गेला. मी आत शमीमभाभींजवळ बायकांत बसले होते. रडले, खूप रडले. आणि खोटं कशाला सांगू, रडता रडता मनात येत होतं की मला 'वहम हाय' म्हणणारा माणूस तर गेला, आणि गाडी जशीच्या तशी आहे.

तुम्ही पहिल्यांदा आमच्या डाळ गिरणीत आलात ते डिझेल इंजिन बघायला. बाबा गेल्यावर गिरणी नुकतीच माझ्या हातात आली होती आणि इंजिनालाही ते समजलं असावं, कारण ते सारखं बंद पडत होतं. लहानपणीच्या पोलिओपासून माझा डावा पाय लुळा आहे, मी काठीच्या आधारानं चालते. नवीन माणूस आधी त्या पायाकडे पाहतो, मग घाईनं नजर काढून घेतो, मग उगाच गोड बोलतो. तुम्ही पायाकडे पाहिलंत आणि सरळ विचारलंत, "उजवा कसा हाय?"

"धडधाकट हाय," मी म्हटलं.

"मंग ठीक," म्हणून तुम्ही इंजिनाकडे वळलात. मला वाटलं, काय बिनधास्त माणूस आहे हा. माझ्या उजव्या पायाची चौकशी त्याआधी कोणी केली नव्हती, आईनंसुद्धा नाही.

नंतर एकदा तुम्ही न बोलावता आलात. दारातूनच सांगितलंत, "ताई, एक गाडी हाय. दोनच पायडल हायेत." कोळशाच्या सर्वेला आलेली कुठलीशी कंपनी काम आटोपून गेली होती आणि तिची ही जुनी जपानी पिकअप मागे पडून होती. ऑटोमॅटिक म्हणून कोणी हात लावत नव्हतं. वणीत जो तो म्हणत होता, हिचा गिअरबॉक्स काढून साधा क्लचवाला बसवून द्या, मग घेतो. आपल्याकडे ही रीतच आहे, जे समजत नाही ते काढून टाकायचं आणि जे समजतं ते बसवायचं. तुम्ही त्या रीतीच्या आड उभे राहिलात. गिअरबॉक्सला तुम्ही डबा म्हणायचात. "हा डबा जिता हाय तवर हे गाडी ताईची," असं तुम्ही दिलीपला बजावलं होतं, आठवतं का?

कापसाचा हंगाम सरल्यावर जिनिंगच्या मोकळ्या आवारात तुम्ही मला शिकवायला बसायचात. डाव्या पायाला तुम्ही सुट्टी देऊन टाकली होती. "शिकलेले डायवर या गाडीत बसले का डाव्या पायानं क्लच समजून ब्रेक मारते आन् काचेवर डोकं आपटते. तुम्हाले ते भेव नाही," म्हणून हसायचात. पहिल्यांदा मी एकटीनं वणीपर्यंत आले तेव्हा तुम्ही गॅरेजच्या दारात उभे होतात, पण शाबासकी दिली नाहीत. टायरमध्ये हवा कमी आहे म्हणालात. मला ती शाबासकीपेक्षा आवडली.

म्हणून सांगते, 'वहम' हा शब्द तुमच्या तोंडून यायला नको होता. दुसऱ्या कोणी म्हटलं असतं तर मी कानाआड केलं असतं. तुम्ही म्हणालात, म्हणून मी खरोखर स्वतःवर शंका घेऊ लागले. तुम्ही गेल्यानंतरच्या दिवसांत मी पायाखाली अंडं ठेवल्यासारखी गाडी चालवत होते. हळू दाबायची, आणखी हळू दाबायची. तरी ती घसरायचीच.

आणि मग तो दिवस आला. गाडीत डाळीची पोती होती, ऊन चढलं होतं, पुढे कोळशाचा एक टिप्पर, मागे एक टिप्पर, दोन्ही भरलेले. नाल्याच्या चढावर पुढचा थांबला म्हणून मी थांबले. तो हलला. मी ब्रेकवरचा पाय काढून दाबला. इंजिन ओरडलं आणि गाडी जागची हलली नाही. आणखी दाबलं. आणखी ओरडली. मग ती मागे यायला लागली, हनीफभाई. आधी सावकाश, मग नाही सावकाश. आरशात टिप्परचं तोंड मोठं होत गेलं, त्याचा हॉर्न सुरू झाला तो थांबेना. मी ब्रेक मारला, हँडब्रेक ओढला, दांडा 'पी'त ढकलला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून बसले. टिप्परचा ड्रायव्हर उतरून आला. त्यानं आधी शिव्या घातल्या, मग आत काठी पाहिली आणि गप्प झाला. ते गप्प होणं मला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. म्हणाला, "बाई, कोणी माणूस नाही का संगं?"

मी म्हटलं, "मीच हावो माणूस. दोन दगडं लावून दे चाकाले."

त्यानं लावले, भला माणूस होता. गाडी निवू दिली आणि कशीबशी उलटी फिरवून घरी आणली. घरी आल्यावर माझे हात इतके कापत होते की चावी खिळ्याला लागेना.

दिलीपनं ते पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. वणीतल्या एका मिस्त्रीला फोन केला, त्याच्याकडे साध्या गाडीचा गिअरबॉक्स तयारच होता. शुक्रवारी पिकअप ओढून न्यायची, डबा उतरवायचा, क्लच बसवायचा. "सगळेच असं करते ताई. आन् चालवाचं काय, मी हावो ना. तू म्हणशीन तिथं नेईन तुले."

तो मनापासून म्हणत होता, हेच तर वाईट होतं. नेईन. मला जन्मभर कोणी ना कोणी नेतच आलं आहे. शाळेत नेलं, दवाखान्यात नेलं, लग्नांना नेलं आणि सोयीच्या वेळी परत आणलं. ही एक पिकअप अशी होती की जिच्यात मी गेले. क्लचचं पायडल बसलं की ती माझी उरणार नव्हती, मग तिच्या कागदावर नाव कोणाचं का असेना.

दिलीपला म्हटलं, शुक्रवारपर्यंत थांब. मी एसटीनं वणीला आले. मला 'वहम हाय' म्हणालेल्या माणसाच्या घरी का आले, ते मलाच ठाऊक नव्हतं. गॅरेजला कुलूप होतं. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावरचे चार महिने घराबाहेर पडायचं नाही, त्यामुळे त्या आतल्याच खोलीत होत्या. माझ्या हातात पाण्याचा पेला देऊन त्यांनी पहिलं काय विचारलं असेल? "ताई, गाडी कैसी है?"

मी म्हटलं, "भाभी, तुमचे ते म्हणत होते वहम हाय. परवा चढावर मरता मरता वाचली मी."

त्यांनी तोंडावर पदर घेतला. मला वाटलं रडताहेत. मग म्हणाल्या, "वो तेल डालते थे ताई. हर बार. तुम इधर चाय पीते, और वो बाहर लाल तेल डालते. मेरे को बोल रखा था, ताई को जल्दी उठने मत देना."

हनीफभाई, मी हातातला पेला खाली ठेवला. चहा. दर वेळी तो आग्रह, ती घाई, 'चाबी इथंच राहू द्या'. मी आत बिस्किट बुडवत बसायची आणि बाहेर गाडी सुरूच असायची. एकदा मी विचारलंसुद्धा होतं की इंजिन चालू का ठेवता, तर तुम्ही म्हणालात, "आवाज ऐकून राह्यलो." आवाज कसला ऐकत होतात! या डब्याचं तेल इंजिन चालू आणि गरम असतानाच मोजावं लागतं, दांडा सगळ्या खुणांवरून फिरवून पुन्हा 'पी'त आणून. ट्रकसारखं बंद गाडीत तेल मोजायची कांडी घातली तर ती भरलेलंच दाखवते. तुम्हीच मला हे शिकवलं होतं, गाडी तुमच्या नजरेखाली असते म्हणून मी स्वतः कधी कांडी ओढली नव्हती, आणि तुम्ही माझ्याच पाठीमागे लपवून तेच करत होतात. आणि ज्या दिवशी मी रागानं चहा न घेता निघाले, त्या दिवशी ते तेल पडलं नाही. म्हणून धावत आलात ना मागे?

"काहून नाही सांगितलं मले?" मी भाभींना विचारलं. त्यांना काय विचारायचं, पण विचारलं.

त्या म्हणाल्या की तुमच्या मते आतलं सील गेलं होतं. डबा उघडल्याशिवाय ते बदलता येत नाही, आणि इतक्या जुन्या डब्याचं सामान कुठे मिळत नाही. एकदा उघडला की तो बंद होणार नाही अशी तुम्हाला धास्ती होती. तुम्ही नागपूर, हैदराबाद, कुठल्या कुठल्या भंगारवाल्यांना फोन लावत होतात. "बोलते थे, दूसरा डब्बा हाथ में आने दे, फिर ताई को बोलूँगा. अभी बोला तो डर जाएगी. गाडी छोड देगी."

घाबरेल. गाडी सोडून देईल.

तिथे मला जो राग आला, त्यानं, तुम्ही जिवंत असतात तर, तुमच्या गॅरेजचं छप्पर उडालं असतं. सगळं जग मला जपतं, हनीफभाई. न जपणारे तुम्ही एकटे होतात. तुमच्याकडे मी येत होते ते त्यासाठी. आणि तुम्हीही शेवटी तेच केलंत, मला पायरीवरून हात धरून उतरवलंत, फक्त तो हात मला दिसू दिला नाहीत. वर माझ्या पायाला दोष दिलात. जे मला खरंखुरं जाणवत होतं त्याला भास म्हणालात.

निघताना भाभींनी माझे दोन्ही हात धरले. "ताई, उनका कहा-सुना माफ कर दो." तुमच्यात हे मागायची रीत आहे, मला माहीत आहे. रीतीप्रमाणे मी 'केलं' म्हणायला हवं होतं. पण म्हटलं नाही. बोललेलं माफ करता येतं. तुमचं तर न बोललेलं होतं. मी त्यांना जवळ घेतलं आणि म्हटलं, "भाभी, मले शुक्रवारपर्यंत थांबू द्या." त्या बिचाऱ्यांना शुक्रवारचं काय कळणार? तरी मान हलवली, आणि पाण्याच्या ड्रममागे ठेवलेले लाल तेलाचे डबे मला दाखवले. त्यातले दोन मी पिशवीत घालून आणले.

घरी येऊन दिलीपला कामाला लावलं. गाडी सपाटीवर उभी केली, गरम होऊ दिली, दांडा फिरवला, 'पी'त आणला आणि कांडी ओढली. टोकाला जेमतेम ओल होती. पांढऱ्या चिंधीवर पुसून उजेडात धरली. तुमचं एक वाक्य होतं, "तेल लाल असलं तं डबा जिता. काळं पडलं, जळका वास आला, तं जनाजा." चिंधीवरचा डाग धड लाल नव्हता आणि धड काळाही नव्हता. विटकरी होता. दिलीपच्या नाकाखाली धरला.

"जळकट येऊन राह्यला थोडासा," तो म्हणाला.

"थोडासा का लय?"

"थोडासा ना. खरकटी कढई राहते तसा."

त्या 'थोडासा'वर मी सगळा डाव लावला. पुरेसं तेल भरलं आणि गिरणीच्या आवारात फेऱ्या मारल्या, तर गाडीला ओढ होती. म्हणजे तेल कमी पडत होतं हे नक्की. पण ते जात कुठे होतं? उभ्या गाडीखाली एक थेंब नसायचा. तुम्हालाही तेच कोडं पडलं असणार, म्हणून तुम्ही आतल्या सीलवर संशय घेतलात. खालचा सगळा भाग कोळशाच्या धुळीनं असा माखलेला की ओलं काय आणि कोरडं काय, सारखंच काळं दिसत होतं.

तेव्हा मला गिरणीचं इंजिन आठवलं. त्याची गळती सापडत नव्हती तेव्हा तुम्ही ते डिझेलनं धुऊन, पुसून, त्यावर अंगाला लावायची पावडर शिंपडली होती. "नवरी करून राह्यलो," म्हणाला होतात. जिथे पावडर भिजली तिथे गळती. मी दिलीपला चटईवर पालथा-उताणा करत गाडीखाली घातलं. त्यानं धुतलं, पुसलं, आणि घरात होता नव्हता तो पावडरचा डबा रिकामा केला. गाडीखालून शिंकत बाहेर आला तेव्हा त्याचंच तोंड पांढरं झालं होतं. दोन पोती चढवून मी त्याला शेजारी बसवलं आणि फाट्यापर्यंत जाऊन आले, चढावर मुद्दाम जोर देत. परत आल्यावर तो पुन्हा गाडीखाली शिरला आणि डब्यापासून पुढे एकेक जागा पाहत गेला.

"ताई," तो शेवटी म्हणाला, "डबा कोरडा हाय. पार कोरडा. इकडे समोर, रेडिएटरखालचा पाइप पाह्य."

काठी टेकून, बसत, सरकत, मी पाहिलं. तेल थंड करायला डब्यातून रेडिएटरकडे जाणारा रबरी पाइप. क्लिपजवळ त्याला बारीक चीर होती. तेल तापलं, दाब वाढला की चीर उघडायची आणि तेल वाऱ्यावर उडून जायचं. गाडी थांबली, निवली की चीर मिटायची. पांढऱ्या पावडरीवर तांबडा ओघळ स्वच्छ दिसत होता, आणि तो उडून डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला जात होता.

आता ऐका, हनीफभाई. डाव्या चाकाच्या आतला तो चिकट तांबूस राडा मी कितीतरी दिवसांपासून दर रविवारी धूत होते. गाडी मीच धुते हे तुम्हाला ठाऊक होतं. मला वाटायचं रस्त्याचं डांबर आहे, कोळशाची वाट आहे, असणारच. तुम्हाला तेल जातं हे ठाऊक होतं आणि ते कुठे जातं ते नव्हतं. मला कुठे जातं ते दिसत होतं आणि ते तेल आहे हे ठाऊक नव्हतं. एकदा, एका चहाला, तुम्ही मला म्हणाला असतात की ताई, तेल कमी होऊन राह्यलं, तर मी तिथल्या तिथे सांगितलं असतं की मग तो राडा काय आहे ते पहा. एका सकाळचं काम होतं. तुम्ही त्याऐवजी भंगारवाल्यांना फोन करत, काळजी करत, लपवत राहिलात, न गेलेल्या सीलचा घोर लावून घेतलात. त्या घोरानंच तुमच्या काळजाचं काही कमीजास्त झालं का, असं एक वाईट मन विचारतं. त्याला मी गप्प बसवते. पण रोज बसवावं लागतं.

पाइप वणीहून आणला, तेलाला टिकणारा, नव्या क्लिपांसकट. दिलीपनं बसवला. तरी शुक्रवार डोक्यावर होताच, आणि मिस्त्रीला त्यानं अजून नको म्हटलं नव्हतं. त्याचंही चूक नव्हतं. तो विटकरी डाग त्यानंही पाहिला होता, आतल्या प्लेटा किती झिजल्या ते कोणाला ठाऊक? तो म्हणाला, "चढावर नेऊन पाहू. ओढली तं ओढली. नाही तं ताई, मंग तू जिद्द नको करू."

मी कबूल केलं.

आज गुरुवार. सकाळी पोती भरली, नेहमीपेक्षा जास्तच. तेल तपासलं, बरोबर खुणेवर. दिलीप शेजारी बसला, पायाशी दोन लाकडी ठोकळे घेऊन. रस्त्याला नेहमीची रांग होती, पुढे टिप्पर, मागे टिप्पर. चढ आला. गाडी सरळ चढत होती, छान चढत होती, आणि अर्ध्या चढावर, पुढचा टिप्पर थांबलेला नसताना, मी ब्रेक मारून उभी राहिले.

"काय करून राह्यली?" दिलीप किंचाळला. "चालली होती ना बरोबर! थांबते कायले?"

"इथंच थांबली होती तवा."

मागचा टिप्पर फुसकारून थांबला. हॉर्न वाजला. दिलीपनं दारावर हात ठेवला, उडी मारायला की ठोकळे लावायला, कोण जाणे. माझा पाय ब्रेकवर होता आणि तो तिथून निघेना. धडधाकट पाय, ज्याची तुम्ही पहिल्या दिवशी चौकशी केली होती, तो लाकूड झाला होता. आरशात पाहिलं तर नुसता टिप्पर. मला वाटलं, सोडून द्यावं. उतरावं, दिलीपला बसवावं, क्लच बसवावा, नेतील तिथे जावं. हे मी तुम्हाला सांगते आहे, दुसऱ्या कोणाला सांगितलेलं नाही.

पाय उचलला. गाडी मागे गेली, बोटभर गेली असेल. दिलीपनं डोळे मिटले. मी दाबलं, हळू नाही, जसं मी दाबते तसं दाबलं. इंजिनाचा आवाज चढला, आणि ओढ आली. खालून, कमरेत जाणवली. गाडी पुढे सरकली, पोती मागे करकरली, आणि आम्ही चढत गेलो, माथ्यापर्यंत, माथ्यापलीकडे. दिलीपनं डोळे उघडले, खिडकीबाहेर पाहिलं, आणि खिशातून फोन काढून त्या मिस्त्रीला म्हणाला, "राहू द्या बावा. डबा जिता हाय."

तशीच गाडी मी तुमच्या घराशी आणली. भाभींना सांगितलं, माफ केलं. कहा, सुना, आणि न सांगितलेलंही. त्यांनी चहा ठेवला, तो मी घेतला, आणि चहा होईस्तोवर गाडी बाहेर बंद होती. डबा किती दिवस टिकेल ते मला ठाऊक नाही. तो विटकरी रंग खोटा नव्हता. पुन्हा कधी घसरली तर या वेळी मला माहीत असेल की ती खरोखर घसरते आहे.

एवढंच तुमचं चुकलं, हनीफभाई. मी घाबरेन हे तुम्ही बरोबर ओळखलं होतंत. सांगितलं असतंत तर घाबरलेच असते. झोप उडाली असती, पाय लाकूड झाला असता, हात कापले असते. आणि तशीच चालवली असती. आज चालवली तशी.